उच्च दर्जाचा प्रीअ‍ॅम्प निवडायचा आहे : खोली नागपूरची, ऐकणे रात्रीचे

तीव्र मध्यम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लक्ष्मीनगरातील आमच्या जुन्या घराच्या समोरच्या खोलीत गेली चार वर्षे मी टप्प्याटप्प्याने एक संगीतव्यवस्था उभी करत आलो आहे. आता त्यात फक्त प्रीअ‍ॅम्पची (स्रोत निवडून आवाज कमी-जास्त करणाऱ्या डब्याची) जागा रिकामी आहे आणि नेमका तिथेच माझा निर्णय अडला आहे. खोली १४ बाय १८ फुटांची, छत उंच, फरशी शहाबादी, एका भिंतीला पुस्तकांचे कपाट. स्पीकर ८ ओहमचे असून त्यांची संवेदनशीलता ९० डेसिबल आहे, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले असता एक मीटरवर ९० डेसिबल आवाज मिळतो. पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा) १०० वॉटचा, त्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, २९ डेसिबल आणि इनपुट इम्पिडन्स, म्हणजे येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध, २० किलोओहम. डॅकमधून (डिजिटल संगीताचा विद्युत सिग्नल करणाऱ्या यंत्रातून) जास्तीत जास्त २ व्होल्ट मिळतात. शिवाय वडिलांनी जमवलेल्या सुमारे तीनशे एलपी आहेत, त्यांच्यासाठी ०.४ मिलिव्होल्टचे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (सुईचा भाग) आणि त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारा ६० डेसिबल गेनचा स्वतंत्र फोनो स्टेज घेतलेला आहे.

सध्या डॅकची तार थेट पॉवर अ‍ॅम्पला जाते आणि आवाज डॅकच्या डिजिटल नियंत्रणाने कमी-जास्त करतो. फोनो स्टेजला असे नियंत्रणच नाही. त्यामुळे एलपी ऐकायची तर जुना इंटिग्रेटेड (सगळे एकाच डब्यात असलेला) अ‍ॅम्प काढून स्पीकरच्या तारा बदलाव्या लागतात, आणि या खटाटोपापायी वडिलांच्या एलपी महिनोन्‌महिने कपाटातच राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. दुसरे कारण भीतीचे आहे. गेल्या महिन्यात सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर डॅकची पातळी आपोआप शंभर टक्क्यांवर गेली. सुदैवाने त्या क्षणी आलाप चालू होता, म्हणून स्पीकर वाचले.

अंदाजपत्रक साडेतीन लाखांपर्यंत आहे. डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत. पहिला, पुण्यातील एका गृहस्थांकडील वापरलेला व्हॉल्व्हचा (निर्वात काचनळ्यांचा) प्रीअ‍ॅम्प : गेन २० डेसिबल, आउटपुट इम्पिडन्स २.५ किलोओहम. दुसरा, ट्रान्झिस्टरचा आणि रिलेवर (विजेने उघड-बंद होणाऱ्या छोट्या स्विचवर) चालणाऱ्या व्हॉल्यूमचा नवा प्रीअ‍ॅम्प. तिसरा, कोणताही गेन नसलेला पॅसिव्ह डबा. ऐकणे मुख्यतः हिंदुस्थानी कंठसंगीताचे, तेही रात्री नऊनंतर आणि बेताच्या आवाजात. मुंबई-पुण्यातील दोन दुकानांत ऐकून आलो, पण तिथल्या खोल्या, तिथले स्पीकर आणि तिथला मोठा आवाज यांतून माझ्या खोलीविषयी मला काहीच उमगले नाही. अनुभवी मंडळींनी मार्ग दाखवावा.

बर्डी

परदेशातून कोणी आणून देणार असेल तर एक गोष्ट आधी तपासा. अमेरिकेतील उपकरण १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे असते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याने २३० चे १२० व्होल्ट होतात, परंतु ५० हर्ट्झचे ६० होत नाहीत. केवळ ६० हर्ट्झसाठी बेताने बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो आणि गुणगुणतो. मागील पट्टीवर ५०/६० असे छापलेले आहे का, ते छायाचित्र मागवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

खर्ज

तीव्र मध्यम, आपण आकडे दिलेत हे उत्तम झाले, कारण अर्धे उत्तर त्या आकड्यांतच आहे. प्रीअ‍ॅम्पविषयी बोलताना लोक आधी ‘आवाजाच्या पोता’विषयी बोलतात; माझी विनंती आहे की आपण आधी गेनचा हिशेब मांडावा.

२९ डेसिबल म्हणजे व्होल्टेजची साधारण २८ पट वाढ. आपला अ‍ॅम्प ८ ओहमवर १०० वॉट देतो तेव्हा त्याच्या टोकांवर २८.३ व्होल्ट असतात. याचा अर्थ त्याला पूर्ण ताकद लावायला आत फक्त १ व्होल्ट पुरतो, आणि आपला डॅक २ व्होल्ट देतो. म्हणजे वाढवणे तर दूरच, आपल्याला आवाज सतत कमीच करावा लागणार आहे. आता रात्रीचे ऐकणे घ्या. ध्वनिमुद्रणाची सरासरी पातळी कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली धरली तर डॅकमधून सरासरी पाव व्होल्ट येतो. अ‍ॅम्प त्याचे ७ व्होल्ट करील. आपल्या खोलीत बेताच्या आवाजाला स्पीकरवर सुमारे १ व्होल्ट पुरेल. म्हणजे गेन नसलेल्या प्रीअ‍ॅम्पलाही १७ डेसिबल कपात करावी लागेल, आणि २० डेसिबल गेन असलेल्या व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पला ३७ डेसिबल. घरचे झोपल्यावर त्याहून दहा-पंधरा डेसिबल आणखी. बटण घड्याळातील आठच्या काट्याजवळून हलणारच नाही.

एवढा गेन प्रीअ‍ॅम्पमध्ये मुळात आला कोठून, हेही सांगतो, कारण ते कळले की जुन्या नामांकित उपकरणांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पूर्वी ट्यूनर आणि टेपरेकॉर्डरमधून काही शे मिलिव्होल्ट मिळत आणि पॉवर अ‍ॅम्पला एक ते दोन व्होल्ट लागत. मधली दरी प्रीअ‍ॅम्पने भरायची असे. १९८२ मध्ये सीडी प्लेअर बाजारात आले आणि त्यांनी २ व्होल्टचा पायंडा पाडला. दरी बुजली, पण अनेक रचनांमधला गेन तसाच राहिला.

आपल्या फोनोचाही हिशेब बसतो. ०.४ मिलिव्होल्टवर ६० डेसिबल म्हणजे हजारपट, अर्थात ०.४ व्होल्ट. प्रीअ‍ॅम्पने काहीच न वाढवता अ‍ॅम्प त्याचे सुमारे ११ व्होल्ट, म्हणजे ८ ओहमवर १६ वॉट करतो. खोलीला ते पुष्कळ आहे. फक्त डॅक आणि फोनो यांच्यात १४ डेसिबलचा फरक राहील, म्हणून प्रत्येक इनपुटची पातळी वेगवेगळी ठरवता येणारा प्रीअ‍ॅम्प पाहावा. एलपीवरून डॅकवर जाताना दचकायला होणार नाही.

तीव्र मध्यम (धागाकर्ता)

खर्ज काका, मनःपूर्वक आभार. हा हिशेब इतक्या वर्षांत मला कोणत्याही विक्रेत्याने मांडून दाखवला नव्हता. पण बटण आठच्या काट्यावर राहिले तर बिघडते काय? आवाज हवा तेवढा मिळाला की झाले, असे मी समजत होतो.

खर्ज

दोन गोष्टी बिघडतात.

पहिली डाव्या-उजव्या समतोलाची. साध्या व्हॉल्यूम पोटेन्शिओमीटरमध्ये एकाच दांड्यावर कार्बनच्या दोन पट्ट्या असतात, एक डावीसाठी व एक उजवीसाठी. मधल्या भागात त्या बऱ्यापैकी जुळतात, पण सुरुवातीच्या टोकाला त्यांच्यातील तफावत वाढते. उंची प्रीअ‍ॅम्पमध्येही वापरल्या जाणाऱ्या आल्प्स कंपनीच्या निळ्या पोटेन्शिओमीटरलाही हा नियम लागू आहे. रिलेवर चालणाऱ्या व्हॉल्यूममध्ये पट्टी नसतेच. ठरावीक मूल्यांचे रेझिस्टर रिलेंनी जोडले-सोडले जातात, त्यामुळे खालच्या पातळीवरही दोन्ही बाजू जुळलेल्या राहतात. बेंचमार्क कंपनीच्या एलए४ मध्ये अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांचे असे नियंत्रण आहे. शीट कंपनीच्या फ्रेया प्लसमध्ये १२८ पायऱ्यांचे असून पॅसिव्ह, बफर (सिग्नल न वाढवता पुढचे ओझे पेलणारी पायरी) आणि व्हॉल्व्ह अशा तिन्ही पद्धती एकाच डब्यात बदलून ऐकता येतात, म्हणून शिकण्यासाठीही ते उपकरण उपयोगी आहे. अ‍ॅक्युफेजची पद्धत आणखी वेगळी : तिथे सिग्नल अनेक छोट्या प्रवाहांत विभागून त्यांची हवी तेवढी बेरीज केली जाते.

दुसरी गोष्ट खरखरीची. व्हॉल्यूमच्या बटणानंतर प्रीअ‍ॅम्पची जी वर्धक पायरी असते, तिचा स्वतःचा आवाज बटण खाली केल्याने कमी होत नाही. समजा तो १०० मायक्रोव्होल्ट आहे. आपल्या अ‍ॅम्पने त्याचे २.८ मिलिव्होल्ट होतील. २.८३ व्होल्टला ९० डेसिबल, तर त्याच्या हजाराव्या भागाला ३०. नागपुरात मे महिन्यात कूलर चालू असताना ३० डेसिबल कोणाला ऐकू येणार नाहीत. पण डिसेंबरच्या रात्री, खिडक्या बंद असताना, आलापातल्या दोन स्वरांमधल्या शांततेत ते नक्की ऐकू येतील. हाच आकडा १० मायक्रोव्होल्ट असेल तर १० डेसिबल, म्हणजे कानाला शांतताच. प्रीअ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात सर्वांत आधी हा आकडा शोधावा, असे माझे मत आहे.

पॅसिव्ह डब्याविषयी थोडक्यात. १० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरचा आउटपुट इम्पिडन्स जास्तीत जास्त त्याच्या चतुर्थांश, म्हणजे २.५ किलोओहम होतो. मीटरला १०० पिकोफॅरडची पाच मीटर तार लावली तरी वरची मर्यादा १२७ किलोहर्ट्झवर राहते, काळजी नाही. तोच पोटेन्शिओमीटर ५० किलोओहमचा असेल तर मर्यादा २५ किलोहर्ट्झवर उतरते आणि २० किलोहर्ट्झला दोन डेसिबल गळतात. म्हणजे पॅसिव्ह चांगला की वाईट हा प्रश्न अपुरा आहे. किती किलोओहमचा आणि तार किती लांब, असे विचारले पाहिजे. नामांकित रचनाकार नेल्सन पास यांनी ‘बी१’ हा गेन नसलेला बफर घरी बांधणाऱ्यांसाठी खुला केला, तो याच अडचणीवरचा साधा उपाय आहे.

जवारी

काकांच्या गणिताशी मी सहमत आहे, पण व्हॉल्व्हच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे, म्हणून लिहिते. मी पंधरा वर्षे व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प वापरते आहे आणि माझे ऐकणेही आपल्यासारखेच, तंबोऱ्याभोवतीचे आहे.

व्हॉल्व्हच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये खालचे स्वर गळतात, असे सरसकट सांगितले जाते. ते कितपत खरे आहे, हेही मोजून पाहता येते. आउटपुटला एक कपॅसिटर असतो आणि तो पुढच्या अ‍ॅम्पच्या इम्पिडन्सशी मिळून खालची मर्यादा ठरवतो. आपल्या उदाहरणात २.५ अधिक २० म्हणजे २२.५ किलोओहम. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा असेल तर मर्यादा ७ हर्ट्झवर येते आणि २० हर्ट्झला जेमतेम अर्धा डेसिबल जातो. तो ०.४७ चा असेल तर मर्यादा १५ हर्ट्झवर येते आणि २० हर्ट्झला सुमारे दोन डेसिबल जातात. आता काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार घ्या; ती सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. तिथे या वाईट परिस्थितीतही घट ०.२ डेसिबलची आहे. चर्चच्या ऑर्गनसाठी ही बाब महत्त्वाची असेल; खर्जाला आणि तबल्याच्या बायाँला तिने काही होत नाही.

मला अधिक भीती गुणगुणीची वाटते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या गुणगुणीचे, म्हणजे हमचे, स्वर ५०, १००, १५० असे असतात. काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा. १५० हर्ट्झ त्याच्या वर, कोमल आणि शुद्ध ऋषभाच्या मध्ये कुठेतरी पडतो. म्हणजे वायरिंग नीट नसेल तर तंबोऱ्यासोबत एक बेसूर ऋषभ अखंड उभा असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या भरगच्च आवाजात तो दडून जाईल. आपल्या संगीतात एकच षड्ज तासभर धरलेला असतो, म्हणून तो कानाला टोचतो. आपल्यासाठी प्रीअ‍ॅम्प निवडताना ही कसोटी सर्वांत कठोर आहे, असे मी मानते.

काळी माती

ताईंनी हमचा विषय काढलाच आहे, तर इमारतींच्या वीजजोडणीचे काम करणारा म्हणून दोन शब्द. हम आला की लोक अर्थिंगला दोष देतात किंवा, त्याहून वाईट, थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकतात. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. कृपया कोणीही काढू नये. बहुतेक वेळा हम येतो तो अर्थिंग खराब असल्यामुळे नव्हे, तर दोन उपकरणांना दोन वेगवेगळ्या वाटांनी अर्थ मिळाल्यामुळे. नेहमीचा अपराधी म्हणजे गच्चीवरील डिशची किंवा केबलची कोअ‍ॅक्सिअल तार. टीव्ही त्याच अ‍ॅम्पला जोडला की वर्तुळ पूर्ण होते. ती तार काढून पाहा. हम थांबला तर कारण सापडले. मग टीव्हीपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल तार वापरावी.

तरीही अर्थिंगकडे दुर्लक्ष नको. काळ्या मातीच्या भागात ती उन्हाळ्यात आटते, भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. रोध नेमका तेव्हाच वाढतो. शहराच्या पश्चिमेकडे तर थोडे खणले की बेसॉल्ट लागतो. म्हणून मार्चपासून खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि मापन उन्हाळ्यात करून घ्यावे, पावसाळ्यात केलेले मापन फसवे असते. कूलरची मोटर आणि पंप यांना व संगीतव्यवस्थेला वेगवेगळ्या एमसीबीवर ठेवता आले तर अवश्य ठेवा. कूलरचे बटण बंद करताना स्पीकरमध्ये जो ‘टक्’ ऐकू येतो, तो मोटरच्या कॉइलमुळे उठणाऱ्या ठिणगीचा आहे. त्या बटणावर स्नबर (ठिणगी दाबणारा छोटा भाग) बसवून घेता येतो.

तीव्र मध्यम (धागाकर्ता), सोळा दिवसांनी

मंडळी, आपण दिलेल्या प्रत्येक सूचनेवर काम केले. आता सविस्तर लिहितो.

पुण्याच्या गृहस्थांनी मोठ्या मनाने व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प पंधरा दिवस घरी ठेवायला दिला. रिलेवाला प्रीअ‍ॅम्प धरमपेठेतील एका स्नेह्यांकडे निघाला. त्यांनी तोही आणून दिला. दोन्ही एकाच खोलीत, एकाच तारांनी जोडता आले, हे भाग्य दुकानात मिळत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी चूक केली. पातळी कानाने जुळवली आणि व्हॉल्व्ह अधिक जिवंत वाटला. दुसऱ्या दिवशी स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावला तेव्हा कळले की व्हॉल्व्ह जवळजवळ एक डेसिबल मोठा वाजत होता. ज्याला मी जिवंतपणा समजलो, तो केवळ मोठेपणा होता. त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी २०० हर्ट्झचा स्वर वाजवून पातळी जुळवली. स्वस्त मल्टिमीटर काहीशे हर्ट्झच्या वर एसी व्होल्टेज चुकीचे दाखवतो, म्हणून १ किलोहर्ट्झऐवजी २०० हर्ट्झ निवडला. २.०० व्होल्ट आणि २.०२ व्होल्ट एवढाच फरक राहिला की ०.१ डेसिबलच्या आत आलो, असे समजायचे.

दिवसा, नेहमीच्या आवाजात, मला दोन्हींत सांगण्याजोगा फरक जाणवला नाही. रात्री मात्र चित्र पालटले. व्हॉल्व्हवर ऐकताना गायिका दोन स्पीकरच्या मध्यावर न राहता उजवीकडे सरकली. त्याच बटणाच्या जागी मोजले : डावीकडे ०.३१ व्होल्ट, उजवीकडे ०.३८. म्हणजे पावणेदोन डेसिबलचा फरक! आणि गायन थांबले की बारीक ‘सूं’ असा आवाज बैठकीच्या जागेपर्यंत येत होता. रिलेवाल्यात दोन्ही गोष्टी नव्हत्या. काकांनी कागदावर जे सांगितले होते, तेच माझ्या खोलीत घडताना मी पाहिले.

हमचे कारण अगदी ‘काळी माती’ यांनी सांगितले तेच निघाले. डिशची तार काढताच दोन्ही प्रीअ‍ॅम्पवर शांतता पसरली. त्या रात्री मी एक विलंबित ख्याल पूर्ण ऐकला आणि तंबोऱ्याच्या मागे खरोखरच किती जागा असते, हे मला प्रथम जाणवले.

म्हणून माझा कल आता रिलेकडे झाला आहे. ताई, आपण रागावू नये.

जवारी

रागावण्याचे कारणच नाही. आपण फार निष्ठेने ऐकलेत. पण एक अन्याय दूर करा, ही विनंती. आपण ज्या दोन दोषांविषयी लिहिलेत, ते दोन्ही व्हॉल्व्हचे नसून जादा गेनचे आहेत. पॉवर अ‍ॅम्पच्या टोकाला, प्लगच्या अगदी जवळ, प्रत्येक बाजूला दोनच रेझिस्टर लावून पाहा : सिग्नलच्या वाटेत २२ किलोओहम आणि अ‍ॅम्पच्या इनपुटला समांतर ५.६ किलोओहम. अ‍ॅम्पच्या २० किलोओहमशी मिळून समांतर भाग सुमारे ४.४ होतो आणि एकूण कपात साडेपंधरा डेसिबलच्या आसपास येते. प्रीअ‍ॅम्पला समोर २० ऐवजी २६ किलोओहम दिसतील, म्हणजे त्याचे ओझेही हलके होईल. बटण वर येईल, पट्टीच्या जुळलेल्या भागात जाईल, आणि खरखर व सिग्नल दोन्ही सारखेच खाली उतरल्याने ती ‘सूं’ खोलीतून निघून जाईल. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. सीताबर्डीच्या बाजारात काही रुपयांत मिळतात.

खर्ज

ताईंचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे, आणि हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते. फक्त तारा प्रीअ‍ॅम्पच्या बाजूला लांब आणि रेझिस्टरनंतर आखूड राहतील एवढे पाहा. सोल्डर करताना अ‍ॅम्प बंद करून प्लग काढलेला असू द्यावा.

तीव्र मध्यम (धागाकर्ता), नऊ दिवसांनी

रेझिस्टर लावले. रात्रीच्या पातळीवर आता बटण साडेदहाच्या काट्याजवळ असते. डाव्या-उजव्यातील फरक मोजला तर ०.३ डेसिबलच्या आत आला. खरखर ऐकायला कान स्पीकरजवळ न्यावा लागतो.

मग रविवारी ताई प्रत्यक्ष घरी आल्या, आणि सौ.ने पडद्यामागे बसून तारा बदलल्या. प्रत्येक फेरीपूर्वी तिने नाणे उडवून कोणता प्रीअ‍ॅम्प लावायचा हे ठरवले आणि वहीत लिहून ठेवले. आम्ही प्रत्येकी दहा फेऱ्या ऐकल्या. पातळी मल्टिमीटरने जुळवलेली, मुद्रण तेच, मिनीटभराचा तोच तुकडा. माझी सहा उत्तरे बरोबर आली, ताईंची पाच. नाण्याच्या भरवशावरही इतकी येतातच. ताईंनी त्यावर जे सांगितले ते इथे नोंदवतो, कारण त्यात तथ्य आहे : मिनीटभराचे तुकडे ऐकणे आणि महिनोन्‌महिने एका उपकरणासोबत राहणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्या प्रकारची परीक्षा आम्ही घेतलेली नाही. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला एवढेच कळले की माझ्या खोलीत, माझ्या कानांना, पातळी आणि गेन नीट केल्यावर हे दोन प्रीअ‍ॅम्प ओळखता येत नाहीत.

मग निर्णय इतर गोष्टींवर घेतला. आमच्या खोलीत मे महिन्यात दुपारी कूलर बंद असला तर पारा चाळिशीत असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मे होते, असे काकांनी फोनवर समजावले. त्यातच व्हॉल्व्हच्या हीटरची उष्णता : एका ६एसएन७ व्हॉल्व्हचा हीटर ६.३ व्होल्टवर ०.६ अँपिअर घेतो, म्हणजे पावणेचार वॉट, आणि या प्रीअ‍ॅम्पमध्ये असे चार आहेत. पंधरा वॉट म्हणजे काही भट्टी नव्हे, पण बंद कपाटात तेही जाणवतात. कूलरच्या ओलसर हवेसोबत येणारा क्षारांचा पांढरा थर सॉकेटच्या संपर्कांवर बसतो, तो वेगळाच. याउलट रिलेवाल्यात प्रत्येक इनपुटची पातळी स्वतंत्र ठरवता येते, चालू-बंद करताना आउटपुट आपोआप तुटतो, आणि कमाल व्हॉल्यूमची मर्यादा बांधता येते. सॉफ्टवेअरच्या त्या प्रसंगानंतर ही शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. नवा घेऊनही साडेतीन लाखांतले बरेच पैसे उरतील. त्यांतून अर्थिंगचा नवा खड्डा आणि एलपी धुण्याचे यंत्र होईल.

बर्डी

एक शंका. डॅक २ व्होल्टचा आणि गेनची गरजच नाही, तर प्रीअ‍ॅम्प न घेता फोनोचा सिग्नल एडीसीने (अ‍ॅनालॉगचे डिजिटल करणाऱ्या यंत्राने) डिजिटल करून सगळे डॅकमधूनच का नेऊ नये? डिजिटल व्हॉल्यूममध्ये दर ६ डेसिबलला एक बिट जातो, हे खरे. पण २४ बिटांतून तीन-चार गेल्याने बिघडते काय?

खर्ज

शंका रास्त आहे. डॅकचा स्वतःचा आवाज २ मायक्रोव्होल्टच्या आसपास असेल तर या स्पीकरवर तो शून्य डेसिबलच्याही खाली राहतो. केवळ दर्जाच्या दृष्टीने पाहिले तर आपला मार्ग चालेल. ज्यांच्याकडे एलपी नाहीत, त्यांना मी हेच सांगतो की प्रीअ‍ॅम्पचे पैसे स्पीकरवर आणि खोलीवर खर्च करावेत. पण इथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ज्या यंत्राने एकदा आपणहून पूर्ण आवाज दिला, त्याच्या आणि १०० वॉटच्या अ‍ॅम्पच्या मध्ये हाताने फिरवता येणारे एक बटण असावे, हे मला योग्य वाटते.

जवारी

व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प पुण्याला परत जाण्याआधी मला आठवडाभर मिळू शकेल का? माझ्या अ‍ॅम्पचा गेन २३ डेसिबल आणि इनपुट इम्पिडन्स १०० किलोओहम आहे. माझ्याकडे त्याला रेझिस्टर लावण्याची गरज फारशी पडणार नाही, असा अंदाज आहे. माझा जुना प्रीअ‍ॅम्प आता दुरुस्तीला आला आहे.

तीव्र मध्यम (धागाकर्ता)

ताई, त्या गृहस्थांशी बोललो. त्यांनी आनंदाने होकार दिला आहे. शनिवारी सकाळी मी स्वतः घेऊन येतो. व्हॉल्व्ह काढून कापडात वेगळे गुंडाळीन आणि कोणता कोणत्या सॉकेटमधला, ते चिठ्ठीवर लिहून ठेवीन.

रिलेवाला नवा प्रीअ‍ॅम्प मागवला आहे. धरमपेठेच्या स्नेह्यांनी तोपर्यंत त्यांचा ठेवून घ्यायला सांगितले आहे. फोनोचा इनपुट ८ डेसिबलने वाढवून आणि डॅकचा ६ ने कमी करून ठेवला, त्यामुळे दोन्ही एकाच पातळीवर आले. काल रात्री वडिलांच्या एलपी कपाटातून काढायला सुरुवात केली. वेष्टनांवर त्यांच्या अक्षरात खरेदीच्या तारखा आहेत, काहींवर इतवारीतील दुकानाचा शिक्का. पहिल्या अकरा धुऊन झाल्या, त्यातल्या चार ऐकल्या.